घराला गोधडी घालणाऱ्या रोहिणीताई

खोकल्याचं औषध घ्यायला गेलेल्या माणसाला कुणी "छताच्या वर काय आहे?" असं विचारलं, तर तो माणूस एकदा वर बघतो आणि एकदा विचारणाऱ्याकडे बघतो. मी दोन्ही केलं. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतल्या त्या औषधाच्या दुकानाचं छत पांढरं होतं. त्याखाली पांढराच कोट घातलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, साठीकडे झुकलेल्या एक बाई माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. कोटावरच्या पट्टीवर 'रोहिणी' एवढंच नाव होतं.

"इथलं नव्हे गं, तुझ्या घराचं. डोक्यावर काय आहे?"

"पत्रा," मी म्हणाले.

"आणि पत्र्याखाली?"

"आम्ही."

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, माझ्या कडेवरच्या ईराकडे बघितलं आणि औषधाची बाटली माझ्यापुढे सरकवली. "हे घे. जेवणानंतर दे. पण मधे काही नसेल ना, तर पुढच्या महिन्यात याच खोकल्यासाठी याच रांगेत येशील. मुलीला मी औषध देऊ शकते. घराला कोण देणार?" मग माझ्यामागे ताटकळलेल्या आजोबांना "किया ओरा, डार्लिंग, सॉरी हं" असा इथला माओरी नमस्कार करून त्या त्यांच्या गोळ्या मोजायला लागल्या. सॉरी ठीक, पण 'हं'सुद्धा त्या गोऱ्या आजोबांना कळला असावा, कारण ते हसले.

मला राग आला होता. आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. जुनं, लाकडी, टेकडीवरचं, खिडकीतून खाडी दिसणारं. पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवून झाले होते. त्या घराला कुणी आजारी म्हणावं हे काही मला झेपलं नाही. पण रात्री हीटर लावून झोपायचो आणि सकाळी तोंडातून वाफ निघायची, हेही खरंच होतं. पुढच्या महिन्यात मी त्याच खोकल्यासाठी त्याच रांगेत उभी राहिले. रोहिणीताईंनी "बघ, म्हटलं नव्हतं?" असं काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "शनिवारी घरी आहात? पोहे करून ठेव. रिकाम्या पोटी कुणी वर चढायचं नाही."

शनिवारी एक जुनी स्टेशन वॅगन दारात आली. तिच्या टपावर शिडी होती. मागच्या काचेपर्यंत कापसासारख्या मऊ काचतंतूंच्या गुलाबी लाद्यांचे फुगलेले गठ्ठे कोंबले होते आणि त्यांच्यातून वाट काढत एक उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आले. हे भाऊ सबनीस, रोहिणीताईंचे यजमान. कौन्सिलच्या पाणीखात्यात इंजिनिअर होते. त्यांनी शिडी उतरवली, आमच्या घरातल्या बोळात छताला असलेल्या चौकोनी झडपेखाली ती उभी केली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि दिवसभर ती सोडली नाही. त्यांना उंचीचं भय होतं. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तरी त्यांच्या तळव्यांना घाम यायचा. पण बायको शिडीवर असताना त्यांनी दुसऱ्या कुणाला शिडी धरू दिल्याचं मी कधी बघितलं नाही. "मी खालच्या मजल्याचा माणूस," ते म्हणायचे. "वरचं सगळं हिच्याकडे."

वरती गेलेल्या रोहिणीताईंचा आवाज आला, "अरे देवा! माळा!"

आता यात आमचं काय चुकलं ते सांगते. मराठी माणसाला डोक्यावर रिकामी जागा दिसली की तिचा माळा होतो, हा काही दोष नव्हे, संस्कार आहे. आमच्या घराची ती झडप उघडून निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वर डोकं घातलं आणि एवढी मोठी जागा फुकट पडलेली बघून त्याला भरून आलं. आठवड्याभरात तिथे सहा बॅगा गेल्या, टीव्हीचं खोकं गेलं, गणपतीचं मखर गेलं, ईराचा पाळणा आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या गेल्या. मात्र इथल्या घरांचा माळा हा माळा नसतो. ओळीने तुळया असतात आणि दोन तुळयांच्या मधे खाली नुसता प्लास्टरचा पातळ तक्ता असतो. तो तुमच्या खोलीचं छत असतो, वरच्या सामानाची जमीन नसतो. त्याच्यावर पाय पडला की पाय खालच्या खोलीत.

"मधल्या जागेत गोधडी घालायची असते," रोहिणीताई झडपेतून डोकं काढून म्हणाल्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या लाद्यांना सगळे बॅट्स म्हणतात. त्या मात्र पहिल्यापासून गोधड्याच म्हणत आल्या होत्या. "तुम्ही तिथे लोणच्याच्या बरण्या निजवल्यात. सगळं खाली. हीप्स आहे वर, हीप्स! ढीगभर! निखिल, ये वर. लाकूड बघून पाय टाक. लाकूड दिसत नसेल तर पाय टाकू नकोस."

त्या दिवशी मी रोहिणीताईंना कामात बघितलं. औषधाच्या दुकानात जशा होत्या तशाच त्या वर होत्या. तोंडाला मास्क, कपाळावर बॅटरी, बाह्यांची टोकं हातमोज्यात खोचलेली. दोन तुळयांवर आडवी फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकायच्या. लादी कापायला त्यांनी घरून पाव कापायची दातेरी सुरी आणली होती. मधल्या जागेपेक्षा लादी बोटभर रुंद कापायची, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी धरून बसते. पण कोंबायची नाही. निखिलने उरलेला एक तुकडा मुठीने दाबून कोपऱ्यात बसवला, तेव्हा त्यांनी तो उपसून काढला. "दाबू नकोस रे. ऊब काय तिच्यात असते? ऊब तिच्यात अडकलेल्या हवेत असते. दाबलीस की मेली." छतातल्या दिव्यांभोवती त्या हातभर जागा मोकळी सोडायच्या. "याला पांघरूण नको. हा आधीच तापट आहे," असं म्हणून खाली भाऊंकडे बघायच्या. भाऊ तापट अजिबात नव्हते. त्यांनी नुसती शिडी जरा जास्त घट्ट धरली.

वर चढण्याआधी घरातली वीज मेनपासून बंद करायची हा त्यांचा कडक नियम होता. त्यामुळे त्याआधी सगळ्यांचा चहा व्हावा हा भाऊंचा नियम होता. काम संपल्यावर थंड पाण्याने हात धुवायचे, चोळायचे नाहीत, नाहीतर बारीक तंतू कातडीत शिरतात आणि दोन दिवस खाज सुटते. आणि जाताना त्यांनी आमच्या झडपेच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी लावली. दुकानात औषधाच्या बाटलीवर लावतात तशीच, छापील: 'रोज सकाळी खिडक्या उघडणे. वर सामान ठेवू नये. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये.' शेवटची ओळ बहुधा हाताच्या सवयीने आली होती.

ईराचा खोकला गेला का? लगेच नाही गेला. पण त्या हिवाळ्याच्या शेवटी एकदा मी दुकानात नुसतं टूथपेस्ट घ्यायला गेले. रोहिणीताईंनी माझ्या हातातलं टूथपेस्ट बघितलं, मला बघितलं आणि गल्ल्यावरच्या मुलीला म्हणाल्या, "धिस इज माय बेस्ट कस्टमर. शी डझन्ट कम एनी मोअर."

पोरिरुआतल्या आणि वेलिंग्टनच्या आसपासच्या निम्म्या मराठी घरांवर त्या अशा चढल्या होत्या. कुणी पैसे देऊ केले तर त्या लाद्यांचे तेवढे घ्यायच्या, वरचं पोह्यांवर भागवायच्या. हे सगळं त्यांनी का आरंभलं असं मी एकदा विचारलं. त्या इथे आल्या तो पहिला हिवाळा, एक भाड्याचं ओलसर घर आणि त्यांचा लहानगा अमेय. फार्मसीची मिरजेची पदवी होती, औषधं सगळी तोंडपाठ होती, आणि पोरगा दर पंधरा दिवसांनी धापा टाकत होता. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, की पोरगा नाही गं, घर आजारी आहे. "मला इतकी लाज वाटली," रोहिणीताई म्हणाल्या. "मी बाटल्यांची लेबलं वाचत बसले होते, वर कधी बघितलंच नाही." अमेय आता ख्राइस्टचर्चला इंजिनिअर आहे, सहा फुटी आहे, आणि आईने फोनवर खोकला ऐकला तर छताचं विचारील म्हणून फोन लांब धरून खोकतो.

माळे रिकामे करण्याची त्यांची चळवळ मात्र खऱ्या अर्थाने सुरू झाली ती देवधरांच्या हळदीकुंकवापासून. इथे संक्रांत येते भर उन्हाळ्यात. डॉक्टर देवधर बाईंकडे आम्ही वीसेक बायका काठपदराच्या साड्या नेसून घामाघूम होऊन बसलो होतो. टेबलावर तिळगूळ, हळदकुंकवाचं तबक, अत्तरदाणी असं सगळं मांडलेलं होतं. वाण म्हणून लुटायचे स्टीलचे डबे भारतातून आणले होते, ते अर्थातच माळ्यावर होते. बाईंच्या यजमानांना, म्हणजे देवधरांना, ते आणायला वर पाठवलं. उन्हाने पत्रा तापलेला, वर भट्टी झालेली, बिचाऱ्यांना घाई झाली. मग डोक्यावर कड्कन आवाज झाला, पांढरा भुगा पडला आणि तिळगुळाच्या बरोबर वर देवधरांचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली आला. पायातली जॅन्डल, म्हणजे इथली रबरी चप्पल, क्षणभर अंगठ्याला लोंबकळली आणि मग तबकात पडली.

कुणी किंचाळलं, कुणी हसलं. देवधर बाई रोज ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना भूल देतात, त्या स्वतःच जागच्या जागी थिजल्या. रोहिणीताई तेवढ्या उठल्या. त्यांनी त्या लोंबत्या पायाचा घोटा धरून हलवून बघितला, पोटरी दाबून बघितली आणि वर तोंड करून म्हणाल्या, "हाड शाबूत आहे हो. ओरखडा आहे. हलू नका, तसेच बसा. दोन्ही हात लाकडावर ठेवा." मग पदर खोचून, पैठणीसकट त्या शिडी चढल्या. शिडीखाली धरायला भाऊ नव्हते, कारण हळदीकुंकवाला बाहेरच्या पुरुषांना बंदी. म्हणून त्या दिवशी शिडी आम्ही चौघींनी धरली. वरून त्यांचा आवाज येत राहिला, "हं, आता डावा गुडघा तुळईवर. घाई नाही. वाण कुठे पळून जात नाही." देवधर सुखरूप उतरले. त्यांच्या पायाला हळद लावायची की अँटिसेप्टिक यावर दोन मिनिटं चर्चा झाली. मग रोहिणीताई भुग्याने पांढऱ्या झालेल्या साडीत खुर्चीवर उभ्या राहिल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, कुणाकुणाच्या घरी माळा आहे? हात वर करा."

सगळे हात वर गेले.

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा माळा उतरायचा. उतरलेल्या सामानात सगळीकडे एक गोष्ट सारखी असायची: बॅगा. ज्या बॅगा घेऊन लोक या देशात उतरले त्या. चाकं मोडलेल्या, कुलपांच्या किल्ल्या हरवलेल्या, विमानतळाच्या पट्ट्या अजून मुठीला चिकटलेल्या. लागतील म्हणून ठेवलेल्या. परत जाताना लागतील, असं कुणी म्हणायचं नाही, पण टाकून द्या म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. इथे रोहिणीताईंची जबरदस्ती चालत नसे. इतरत्र धाक दाखवणाऱ्या त्या बाई बॅगांपाशी मऊ व्हायच्या. "गॅरेजमध्ये ठेवा," म्हणायच्या. "कोरड्या जागी. टाकायची घाई नको."

त्याचं कारण मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

त्यांचं घर आमच्या खालच्याच रस्त्यावर होतं. आत शिरलं की ऊबदार. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, अमेयची जुनी खोली, सगळीकडे सुखाची ऊब. पण त्यांच्या बेडरूमचं दार उघडलं की एकदम गार हवा अंगावर यायची. त्या स्वतः झोपताना कानटोपी घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेवढा भाग राहिलाय." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं निखिल म्हणाला. त्यावर त्या हसल्या.

त्या भागावर भाऊंचं सामान होतं. आल्याच्या वर्षी भाऊंनी चार मोठ्या बॅगा आणि तीन खोकी उघडायचीच नाहीत असं ठरवलं. मिरजेला परत जायचंच आहे, मग दोनदा कशाला बांधाबांध करायची? अमेयचं शिक्षण झालं की. मग घराचं कर्ज फिटलं की. मग मी रिटायर झालो की. भाऊ भांडखोर नव्हते, हट्टीही नव्हते. ते फक्त या देशात पाहुणे होते. भिंतीला खिळा ठोकला नव्हता त्यांनी. फोटो सगळे भिंतीला टेकवून ठेवलेले. बागेत एक झाड लावलं नव्हतं. ऑफिसात सगळे त्यांना मानायचे, शेजारी शनिवारी बिअर घेऊन यायचा, तरी बोलण्याचं प्रत्येक तिसरं वाक्य 'परत गेल्यावर'ने सुरू व्हायचं. परत गेल्यावर कृष्णाकाठी फिरायला जायचं. परत गेल्यावर पहाटे उठून गाणं ऐकायचं. लग्नात नाही पण विमानात बसताना रोहिणीताईंनी त्यांना शब्द दिला होता: तुम्ही म्हणाल तेव्हा परत जाऊ.

भाऊ रिटायर झाले तो एप्रिल. निरोपसमारंभात त्यांना खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीची काठी भेट मिळाली. ती हातात धरून घरी आले आणि म्हणाले, "रोहिणी, दिवाळी मिरजेत."

त्याच आठवड्यात मी त्यांच्या दुकानात गेले होते. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. रोहिणीताई गोळ्यांची पाकिटं लावत होत्या. नोकरी सोडायची चिठ्ठी लिहायचीय म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. मी विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

त्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "नाही गं. मला नाही जायचं. माझं सगळं इथे आहे. अमेय आहे, ही माणसं आहेत, तुमची छपरं आहेत." मग म्हणाल्या, "पण हे मी त्यांना सांगणार नाही. कारण सांगितलं तर ते ऐकतील. राहतील. आणि उरलेलं आयुष्य मिरजेकडे तोंड करून बसतील. ते मला बघवणार नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यात दाराची घंटी वाजली, कुणी आत आलं, आणि त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

घर विकायचं म्हणजे ते आधी एजंटला दाखवायचं. एजंट म्हणाला, छताचा एवढा भाग उघडा का? तो झाकून घ्या, भाव चांगला येईल. म्हणजे बॅगा खाली उतरवणं आलंच. जूनमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं मदतीला गेलो. निखिल आणि रोहिणीताई वर, भाऊ शिडीला, मी खाली झेलायला. एकेक बॅग खाली आली, तिच्यावर इतका काळा धुळीचा थर की मूळ रंग ओळखू येईना. बाहेरच्या डेकवर हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं, तिथे ओळीने मांडल्या. नेण्यापूर्वी आत कसर लागली नाही ना, तेवढं बघून घ्यावं, असं भाऊंनीच सुचवलं. किल्ल्या सापडल्या नाहीत. कुलपं पक्कडीने तोडली.

पहिल्या बॅगेत सोलापुरी चादरी होत्या, नव्याकोऱ्या, घड्या न मोडलेल्या. "अगं, या लग्नातल्या!" भाऊ म्हणाले. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून त्यांनी त्या डेकच्या कठड्यावर पसरल्या. मग एक थंडी वाजली म्हणून खांद्यावर घेतली. दुसऱ्या बॅगेतून पुरणयंत्र निघालं, सोऱ्या निघाला, नावं कोरलेली स्टीलची ताटं निघाली. ईरा सोऱ्या फिरवत "व्हॉट डझ धिस डू, आजी?" म्हणाली, तर तिला दाखवायला म्हणून रोहिणीताईंनी पीठ भिजवलं. पीठ भिजवलं तर तेल तापलं. तेल तापलं तर चकल्या झाल्या, आणि चकल्या झाल्या तर त्या कोरलेल्या ताटांतच वाढल्या गेल्या. तिसऱ्या खोक्यात भाऊंच्या वडिलांचा कॅरम होता. शिसवी कडा, एका कोपऱ्याला चहाचा जुना डाग. भाऊंनी त्याच्यावर हात फिरवला. सोंगट्यांची पिशवीसुद्धा शाबूत होती. पावडर नव्हती, ती रोहिणीताईंनी घरच्या औषधांच्या कपाटातून आणली. मग शेजारचा बिअरवाला ग्रेग कुंपणावरून डोकावला आणि खेळ कसला म्हणून आत आला. भाऊंनी त्याला नियम समजावले. पहिल्याच डावात ग्रेगने राणी घेतली आणि कव्हरही केली. "स्वीट ॲज!" तो ओरडला. भाऊंनी चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "परत. बेस्ट ऑफ थ्री."

दुपार उलटून गेली. उन्हाचा पट्टा डेकवरून सरकत कुंपणाला टेकला. ग्रेग पुढच्या शनिवारी येतो म्हणून गेला. भाऊ उठले आणि भोवती बघायला लागले. चादरी सोफ्यावर गेल्या होत्या. ताटं धुऊन स्वयंपाकघराच्या फळीवर लागली होती, तीही इतकी नीट बसली होती की फळी जणू त्यांचीच वाट बघत होती. खोक्यांतली पुस्तकं खिडकीत, पुरणयंत्र ओट्याखाली, कॅरम जेवणाच्या टेबलावर. चारही बॅगा रिकाम्या, तोंड उघडून पडलेल्या.

भाऊ त्या बॅगांकडे बघत उभे राहिले. मग ते म्हणाले, "आता एवढं सगळं परत भरणार कोण?"

रोहिणीताई दारात उभ्या होत्या. सकाळपासून दहा वेळा शिडी चढल्या-उतरल्या असतील. त्या म्हणाल्या, "मी नाही हं भरणार. माझे गुडघे दुखतात."

"माझी तर पाठ," भाऊ म्हणाले.

"मग?"

भाऊंनी खांद्यावरची चादर सारखी केली. "मग काय? नाही भरायचं." आणि लगेच खिशातला फोन काढून त्यांनी एजंटला लावला. "येस, मेट. नो, नॉट धिस इयर. टू मच पॅकिंग. हीप्स." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नेक्स्ट इयर?" भाऊ म्हणाले आणि बायकोकडे बघितलं. "नो. नेक्स्ट इयर ऑल्सो सेम पॅकिंग."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर रोहिणीताई नळ सोडून तांदूळ धूत होत्या. धुऊन झालेले तांदूळ पुन्हा धूत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. मी नुसती शेजारी उभी राहिले. त्यांनी ओल्याच हाताने माझा हात एकदा दाबला, पदर नसल्यामुळे स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि मोठ्याने हाक मारली, "निखिल! गाडी काढ. हार्डवेअरचं दुकान पाचला बंद होतं. मला दोन गठ्ठे गोधड्या हव्यात, आज, आत्ता!"

रिकाम्या बॅगा दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः ऑप-शॉपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, देऊन आले. निर्णयाबद्दल दोघंही पुढे एक अक्षर बोलले नाहीत. कुणी विचारलं तर भाऊ पाठीवर हात ठेवून कण्हायचे.

पुढच्याच महिन्यात आम्ही ख्राइस्टचर्चला निघालो. मला तिकडच्या विद्यापीठात काम मिळालं होतं. सकाळची फेरीबोट गाठायची म्हणून गाडी भरून पहाटेच उजाडताना निघालो. फार क्वचित पडतं तसं त्या दिवशी हिंव पडलं होतं. गवत, गाड्यांच्या काचा, कुंपणं, सगळं पांढरं. खालच्या रस्त्यावर वळलो तर समोरच्या फुटपाथवर रोहिणीताई उभ्या. गाऊनवर भाऊंचं जाड जॅकेट, मोज्यांवर जॅन्डल, हात खिशात, आणि नजर स्वतःच्या घराच्या छपरावर. आम्ही थांबलो. मला वाटलं आम्हाला निरोप द्यायला उभ्या आहेत. त्यांनी आमच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"आजी, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?" ईराने काच खाली करून विचारलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "ग्रेगचं छप्पर बघ. ओलं आहे ना? आतली ऊब वर निसटली, हिंव वितळलं. आता आमचं बघ."

सबनीसांचं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र होतं. कुठे एक डाग नव्हता.

मी काच आणखी खाली केली. त्या गाडीजवळ आल्या, खिडकीवर हात ठेवला आणि आवाज उतरवून मला म्हणाल्या, "इथे आमच्या बेडरूमवर काळा चौकोन असायचा. बॅगांएवढा. इतके हिवाळे हिंव पडलं की मी दुकानात जाताना तो बघायचे. ह्यांना कधी दाखवला नाही. दाखवला असता तर माझ्या थंडीसाठी बॅगा रिकाम्या करून राहिले असते. मला तसं नको होतं."

तेवढ्यात दार उघडून भाऊ बाहेर आले. हातात दोन कप होते. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग मान वर करून छपराकडे बघितलं, आणि काळजीने विचारलं, "काय झालं गं? पत्रा गळतोय का?"

"नाही हो," रोहिणीताई म्हणाल्या. "काही झालं नाही. चांगलं आहे सगळं."

आणि रस्ता ओलांडून त्या चहा घ्यायला गेल्या.